मदत कोणत्या खिडकीवर?

संकटात सरकारने मदत जाहीर केली की ती किती कोटींची, यावरच चर्चा अडते. ती कोणत्या खिडकीवर मिळणार, हे फारसे कुणी विचारत नाही. न्याय-अन्याय बहुधा तिथेच ठरतो. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट फेअरली यांच्या पाहणीनुसार कोरोना साथीच्या सुरुवातीला, फेब्रुवारी ते एप्रिल 2020 या काळात, अमेरिकेत धंदा चालू असलेल्या गोऱ्या मालकांची संख्या 17 टक्क्यांनी घटली, लॅटिनो मालकांची 32 टक्क्यांनी. यात धंद्याच्या स्वरूपाचाही वाटा होता. केस कापणे किंवा भिंत बांधणे घरबसल्या होत नाही. पण सरकारी मदतीनेही ही दरी बुजवण्याऐवजी सुरुवातीला तीच वाट धरली. पगार चालू ठेवले तर माफ होणाऱ्या कर्जांसाठी 349 अब्ज डॉलर ठेवले होते. 3 एप्रिलला अर्ज सुरू झाले आणि 16 एप्रिलला पैसा संपला. जो आधी येईल त्याला आधी, हा नियम वरवर निःपक्षपाती. मात्र अर्ज बँकेमार्फत करायचा होता आणि अनेक बँकांनी आपल्या जुन्या ग्राहकांना पुढे घेतले. ‘शेक शॅक’ या रेस्टॉरंट-साखळीला 1 कोटी डॉलर मिळाले. ओरड झाल्यावर तिने ते परत केले.

आता शिकागोच्या 26व्या रस्त्यावर असते तशी एखादी मेक्सिकन बेकरी घ्या. नवरा भट्टीवर, बायको गल्ल्यावर, शाळा सुटली की मुलगा हाताशी. पगारपत्रक कुठून असणार? एकट्या मालकाचे कर्ज ठरायचे ते करपत्रकातल्या निव्वळ नफ्यावरून. पीठ, गॅस, भाडे वजा जाता नफा शून्य उरला, तर कर्जही शून्य. म्हणजे जो काठावर उभा, त्यालाच हात नाही! हा हिशेब एकूण उत्पन्नावर आणायला मार्च 2021 उजाडला.

कमकुवत धंदे बुडतातच, असे कुणी म्हणेल. पण ही दुकाने गिऱ्हाईक रुसले म्हणून ओस पडली नव्हती, साथीमुळे पडली होती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मदत वंश पाहून का द्यावी? रेस्टॉरंटांसाठीच्या 2021च्या सरकारी मदतनिधीतला असा अग्रक्रम अपील न्यायालयाने रोखला. दावा लावणारा मालक गोरा, पत्नी हिस्पॅनिक, मालकी निम्मी-निम्मी. बायकोचा हिस्सा निम्म्याहून जास्त नाही म्हणून अग्रक्रम हुकलेला. या तक्रारीत मला तथ्य दिसते. पण त्यातून मदतच आखडती घ्या, असा अर्थ काढणे लबाडीचे. जानेवारी 2021मध्ये ती पगारासाठीची कर्जयोजना पुन्हा उघडली, तेव्हा पहिले काही दिवस वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या छोट्या वित्तसंस्थांसाठीच राखले होते. त्यासाठी कुणाचा वंश विचारावा लागला नाही. पुढच्या संकटात योजना आखणाऱ्यांनी रक्कम ठरवण्याआधी अर्जाचा नमुना अशाच एखाद्या बेकरीच्या गल्ल्यावर नेऊन भरून पाहावा.