सरखेली हा हुद्दा नव्हता

गेल्या नौदल दिनाला इथे कोलकात्यात एका वक्त्याने मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्र्यांची ओळख ‘भारताचे पहिले ॲडमिरल’ अशी करून दिली आणि सभागृहात टाळ्या झाल्या. कान्होजींना मोठं ठरवायला इंग्रजांचा हुद्दा उसना घ्यावा लागतो, हे मला बोचतं. ४ डिसेंबर २०२३ ला सिंधुदुर्गात नौदलातल्या हुद्द्यांना भारतीय परंपरेतली नावं देण्याची घोषणा झाली. तेव्हापासून तर ‘सरखेल म्हणजेच ॲडमिरल’ असं सर्रास बोललं जातं.

दोन्ही शब्द मुळात जमिनीवरचे. ‘ॲडमिरल’च्या पोटात अरबी ‘अमीर’ आहे. बाराव्या शतकात सिसिलीच्या नॉर्मन राजांकडे तो दरबारातला मोठा कारभारी होता, समुद्र त्याला पुढे चिकटला. ‘सरखेल’मधला ‘खैल’ म्हणजे घोड्यांचा जथा. दिल्लीच्या सुलतानांच्या काळी दहाएक स्वारांच्या नायकाला सरखेल म्हणत. 

खरी गफलत पुढे होते. राजाराम महाराजांच्या काळात कान्होजींना सरखेली मिळाली. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी त्यांना शाहूंकडे वळवलं तेव्हा ती कायम झाली. पण कान्होजी कुणाचे पगारी चाकर नव्हते. किल्ले त्यांचे, मुलूख त्यांचा, व्यापारी जहाजांनी दस्तक घ्यायचं तेही त्यांचंच. खलाशांचं पोट आणि गुराब जहाजांचं लाकूड यातूनच चाले. १७२९ मध्ये ते वारले, पद थोरल्या मुलाकडे, सेखोजींकडे गेलं. १७३३ मध्ये सेखोजीही गेले आणि भावांत तंटा लागला, तेव्हा बाजीराव पेशव्यांनी १७३५ मध्ये वाटणी केली: संभाजींना सरखेली, मानाजींना ‘वजारतमाब’ हा नवा किताब आणि कुलाबा. हुद्द्याची अशी भाऊवाटणी होत नाही. ती दौलत होती.

म्हणूनच १७५६ आपण चुकीचं वाचतो. नानासाहेब पेशव्यांनी कान्होजींचे पुत्र तुळाजी यांच्या वैरापायी इंग्रजांकरवी विजयदुर्गात मराठ्यांचंच आरमार जाळलं, एवढंच शाळेपासून ऐकलेलं. वैर होतंच, आणि त्या आगीचं समर्थन मी कधीही करणार नाही. पण त्याखाली दुसरा झगडा होता: आरमार घराण्याचं की सरकारचं? पुढे त्याच विजयदुर्गात ‘सुभा आरमार’ उभं राहिलं आणि पेशव्यांनी आनंदराव धुळपांना त्यावर नेमलं. ॲडमिरलच्या जवळ जाणारा मराठी माणूस शोधायचाच असेल, तर तो धुळपांत सापडतो. कान्होजी वेगळ्या जातीचे: राज्यकर्ते आणि दर्यावर्दी एकाच देहात. त्यांना ॲडमिरल म्हणणं म्हणजे त्यांच्याकडून त्यांचे किल्ले काढून घेणं.

विजयदुर्गावर तोफा डागणारा ॲडमिरल चार्ल्स वॉटसन इथे कोलकात्यातच, सेंट जॉन्स चर्चच्या आवारात पुरलेला आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये कोकणात, २ जानेवारी १७५७ ला कलकत्ता परत घ्यायला हुगळीत, आणि १६ ऑगस्टला ताप येऊन इथेच शेवट. त्याच्या थडग्यावरच्या उंच स्तंभापाशी मी अनेकदा थांबते. त्याचा हुद्दा ज्येष्ठतेच्या यादीतून आला होता, लाल-पांढऱ्या-निळ्या तुकड्यांच्या पायऱ्या चढत. तो गेला आणि यादीतला पुढचा माणूस वर सरकला. स्वतंत्र भारताने बढतीने हुद्दा देण्याची रीत ठेवली, आणि १९६८ मध्ये अधरकुमार चटर्जी आपले पहिले पूर्ण ॲडमिरल झाले. त्या रीतीत कमीपणा काहीच नाही. मात्र बढतीने मिळणाऱ्या त्या पदावर ‘सरखेल’ हे नाव चढवू नये.

चर्चमधून चांदपाल घाटाकडे चालत गेलं की हावड्याच्या लाँच लागतात. लाँच हाकणाऱ्याला बंगालीत ‘सारेंग’ म्हणतात. फारसी ‘सरहंग’, म्हणजे सेनानायक, त्यातूनच तो आला आणि त्यातूनच शिवाजी महाराजांच्या आरमारातला ‘दर्यासारंग’. समुद्रावर दोन-तीनशे वर्षं घासून या शब्दाचा मोठेपणा उतरला, काम मात्र राहिलं. नौदलाला आपलं नाव हवंच असेल, तर मी याला कौल देईन. याच्यामागे ना जहागीर आहे, ना भावांची वाटणी.