नाही म्हणता आलं असतं का?

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जायला तिकीट लागत नाही. एका मराठी इंजिनिअरला एवढं कारण पुरतं. ऑफिसच्या कामासाठी मी २०२४च्या हिवाळ्यात तिकडे होतो, आणि ज्यांच्यासाठी आपल्यापैकी कुणीही त्या म्युझियममध्ये जाईल ती वाघनखं तेव्हा साताऱ्यात होती. तीन वर्षांच्या बोलीवर, उसनी.

टिपूचा वाघ मात्र जागेवर होता. लाकडी वाघ, त्याच्याखाली उताणा गोरा माणूस. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी तो नेला. लढाई, विजय, लूट. तिथे फार विचार करावा लागत नाही.

वाघनखांचं तसं नाही. सोबतच्या पेटीवरचा इंग्रजी मजकूर सांगतो की पेशव्यांच्या प्रधानाने ती साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याला दिली. ती शिवरायांचीच होती का, याची खात्री देता येत नाही असं म्युझियमच म्हणतं. तो वाद मी सोडून देतो. मी अडकतो 'दिली' या शब्दावर. डफ साताऱ्यात आला १८१८ मध्ये, म्हणजे पेशवाई बुडाली त्याच वर्षी. राज्य गेलेल्याने राज्य घेणाऱ्याला दिलेल्या वस्तूला भेट म्हणायचं?

आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी मॅनेजर विचारतो, "शनिवारी जमेल ना?" आपण म्हणतो, "हो सर." जबरदस्ती कुणीच केलेली नसते. नंतर मेलमध्ये लिहिलं जातं की टीम स्वेच्छेने आली. ते खोटं नसतं, पण त्या 'हो'ची किंमत किती, हे 'नाही'ची किंमत किती होती यावरून ठरतं. (अप्रेझल जवळ असेल तर आणखीच.) शनिवार आणि राज्य यांची बरोबरी नाही, हे मलाही कळतं. कसोटी मात्र तीच लावता येते.

आता ही कसोटी आपल्याकडे वळवली की पंचाईत होते. आपल्या राजेरजवाड्यांना आलेले नजराणे? देणाऱ्या पाटलाला, सावकाराला नाही म्हणता आलं असतं? इंग्रजांना विचारायचं आणि आपल्या काचपेट्यांपुढे नुसते हात जोडायचे, हे मला पटत नाही.

कोल्हापुरातच याची दुसरी बाजूही आहे. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४४-४५ मध्ये उत्खनन झालं, त्यात रोमन धाटणीची पोसायडनची छोटी ब्राँझमूर्ती निघाली. ग्रीकांचा समुद्रदेव, समुद्र कोसांवर असलेल्या गावात! ती टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. शाहूपुरीतून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं. ती परत द्या असं इटलीतून कुणी म्हणत नाही, कारण अशा वस्तू रोमशी चाललेल्या व्यापारातून आल्या असं अभ्यासक मानतात. विकणाऱ्याला भाव पटला नसता तर तो मूर्ती घेऊन पुढच्या पेठेत गेला असता.

ब्रिटनच्या १९८३च्या कायद्यामुळे त्या म्युझियमला संग्रहातल्या वस्तू सहजासहजी देऊन टाकता येत नाहीत, म्हणून 'उसनी'. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. पाटीवर एक ओळ वाढवायला तर कायदा आड येत नाही: देताना देणाऱ्याच्या हातात काय उरलं होतं. तिथेही आणि आपल्याकडेही.