अल्प रकमेचा दावा आणि क्षमाधर्म

हातउसन्या दिलेल्या थोडक्या रकमेसाठी न्यायालयाची पायरी चढणे धर्मदृष्ट्या उणेपणाचे आहे काय, हा प्रश्न क्षुल्लक वाटला तरी क्षमा आणि न्याय यांच्या नात्याचा जुना वाद त्यात दडलेला आहे. लघुवाद न्यायालयांसाठी, म्हणजे लहान रकमांचे दावे संक्षिप्त पद्धतीने निकालात काढणाऱ्या न्यायालयांसाठी, मुंबईसारख्या इलाखा शहरांत 1882चा आणि इतरत्र 1887चा कायदा आला; येणे वसूल करावे की सोडून द्यावे, ही चर्चा मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे.

मनुस्मृतीने व्यवहाराची, म्हणजे न्यायसभेपुढे येणाऱ्या तंट्यांची, जी अठरा पदे सांगितली त्यांत ऋणादान, अर्थात कर्जाची देवघेव, पहिले आहे. वसुलीचे मार्ग पाच : धर्म म्हणजे समजावणी, व्यवहार म्हणजे दावा, मग छल, आचरित, ज्यात ऋणकोच्या दारी धरणे धरून बसण्यासारखे उपाय टीकाकार धरतात, आणि शेवटी बल. दाव्याचे स्थान समजावणीच्या लगेच पुढचे आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे दावा लावणारा तो भांडखोरच, हा समज टिकत नाही. आपल्या गाऱ्हाण्याचा निवाडा स्वतः न करता तो तिऱ्हाइतावर सोपवणे हा एक संयमच आहे, आणि हुकूमनामा हाती आल्यावरही वसुलीसाठी निराळी दरखास्त द्यावी लागते हे पाहता तो बराच महाग संयम आहे.

याविरुद्ध तुकोबांचे उदाहरण दिले जाते. सावकारीची खते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. पण तीच परंपरा असेही सांगते की धाकटे बंधू कान्होबा यांचा निम्मा वाटा त्यांनी आधी वेगळा काढून दिला. दुसऱ्याच्या येण्यावर उदार होण्याचा अधिकार संतालाही नव्हता. घरकाम करणाऱ्या बाईचा महिन्याचा पगार अडकला असता तिला क्षमेचा उपदेश करणाऱ्याला हा तपशील सोयीचा नाही. शिवाय खेटे नकोत म्हणून जो गप्प बसतो त्याने क्षमा केली असे होत नाही, कारण त्याच्या मनातली बाकी तशीच राहते.

हक्क सिद्ध असल्याखेरीज तो सोडता येत नाही, आणि म्हणून दावा व क्षमा यांत मूलतः विरोध नाही. 1908च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार वादीने मागणीचा काही भाग सोडला असेल, तर ती रक्कम वादपत्रातच नमूद करावी लागते. मागणी आणि माफी एकाच कागदावर शेजारी नांदतात. मुदतीच्या कायद्याचे तत्त्व याहून सूक्ष्म आहे. उसन्या पैशाच्या दाव्याची मुदत सामान्यतः 3 वर्षांची असून ती टळल्यावर प्रतिवादीने हरकत घेतली नाही तरी न्यायालयाला दावा फेटाळावा लागतो; मात्र बुडतो तो उपाय, ऋण नव्हे, कारण असे मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे लेखी व सहीचे वचन ऋणकोने दिल्यास 1872च्या करार कायद्याच्या कलम 25 अन्वये ते नव्या मोबदल्यावाचूनही बंधनकारक ठरते. ते वचन द्यायला त्याला भाग पाडणारी सत्ता मात्र कोणत्याही न्यायालयाकडे नाही.