क्षमा करावी की दावा?

बालपणी लैंगिक अत्याचार सोसलेली व्यक्ती चाळिशीत न्यायालयात जाते, तेव्हा सज्जन माणसे म्हणतात, ‘आता कशाला? क्षमा करून मोकळे व्हावे.’ साधकांमध्ये हा सल्ला जरा जास्तच लवकर दिला जातो.

क्षमा म्हणजे मौन नव्हे. अन्याय झाला हे आधी मान्य व्हावे लागते. लहान मूल अपराध्याची लाज स्वतःची समजून वाढते. बोलण्याचे बळ येईपर्यंत कायद्याची मुदत संपलेली असते. न्यूयॉर्क राज्याने 2019 साली हे ओळखले. वयाच्या 55 वर्षांपर्यंत दिवाणी दाव्याची मुभा मिळाली. मुदत उलटलेल्यांनाही एक वर्षाची संधी दिली गेली, ती पुढे ऑगस्ट 2021 पर्यंत वाढली. हजारो दावे दाखल झाले. त्यांत धर्मसंस्थांविरुद्धचे पुष्कळ होते, हे आपण श्रद्धावंतांनी विसरू नये.

फौजदारी खटला सरकार चालवते, पीडित तिथे साक्षीदार. दिवाणी दाव्यात तो स्वतः वादी असतो. त्याच्या प्रश्नांना संस्थेला उत्तर द्यावे लागते, दडवलेली कागदपत्रे दाखवावी लागतात. भरपाईच्या रकमेपेक्षा मला हे मोठे वाटते.

पण रॉचेस्टरच्या कॅथलिक धर्मप्रांताने सप्टेंबर 2019 मध्येच दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच्यावरचे दावे थांबले. ज्यांनी मनाची शांती निकालावर टांगली असेल, त्यांनी काय करावे? समुपदेशन, ध्यान, विश्वासू माणसाची सोबत दाव्याआधीपासूनच हवी. क्षमा केव्हा करायची, करायची की नाही, हे मात्र आपण त्यांना विचारू नये.