घरांतील मृत्यु आणि संशयाचा धर्म

एकाच घरांत एकामागून एक मृत्यु घडूं लागले म्हणजे शेजारीपाजारी प्रथम हळहळतात, मग दैवाला दोष देतात आणि शेवटीं कुजबुजूं लागतात. घरच्या माणसावर संशय घेणें हें पाप, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती निराधार नव्हे. ज्याच्या हातचें अन्न निःशंकपणें खावयाचें त्याच्याच हाताकडे संशयानें पाहूं लागल्यास कुटुंब टिकावें कसें? तथापि केवळ विश्वासानें जिवांचें रक्षण होत नाहीं, हेंही तितकेंच खरें. म्हणून संशय घ्यावा कीं नाहीं यापेक्षां तो कशावर घ्यावा, हाच खरा प्रश्न होय असें आम्हांस वाटतें.

इंग्लंडांतील मेरी ॲन कॉटन हिच्या घरीं नवरे गेले, मुलें गेलीं. त्या काळीं पोटाच्या तापानें मुलें नेहमींच दगावत. त्यामुळें कोणास विशेष कांहीं वाटलें नाहीं. १८७२ सालीं तिचा सात वर्षांचा सावत्र मुलगा वारला, तेव्हां गांवच्या एका अधिकाऱ्यानें शंका काढली. पहिल्या चौकशींत मृत्यु नैसर्गिकच ठरला; परंतु डॉक्टरानें राखून ठेवलेल्या अंशांत सोमल सांपडला. त्या एका मृत्यूबद्दल खटला चालून १८७३ च्या मार्चमध्यें तिला डरहॅम येथें फांशी देण्यांत आलें.

आतां याच्या उलट उदाहरण पाहा. ऑस्ट्रेलियांतील कॅथलीन फोल्बिग हिचीं चार अपत्यें १९८९ ते १९९९ या काळांत वारलीं. एकाच घरीं चार मुलें आपोआप कशीं मरतील, हा तर्क बलवत्तर ठरला. नवऱ्यानें पोलिसांकडे दिलेल्या तिच्या रोजनिशींतील आत्मनिंदा कबुलीजबाबाप्रमाणें वाचली गेली आणि २००३ सालीं ती दोषी ठरली. पुढें तिच्या दोन मुलींच्या ठिकाणीं हृदयाची गति अकस्मात् बिघडवूं शकणारा आनुवंशिक दोष आढळला. २०२३ च्या जूनमध्यें तिला माफी मिळाली व डिसेंबरमध्यें दोषसिद्धीही रद्द झाली. मधलीं वीस वर्षें मात्र कोणी परत केलीं नाहींत.

पहिल्या घरीं संशयानें मृतदेहाची परीक्षा करविली. दुसऱ्या घरीं त्यानें आईच्या मनाची परीक्षा केली. आमच्या मतें भेद येथेंच आहे. मृतांची संख्या हा पुरावा नव्हे. ती चौकशीची सूचना होय. शोक करणाऱ्याच्या चर्येवरून, त्याच्या अश्रूंवरून किंवा एकान्तांत लिहिलेल्या शब्दांवरून अपराध ठरवूं पाहणें म्हणजे कुजबुजीलाच न्यायासनावर बसविणें होय.

यास्तव कारण न कळलेल्या प्रत्येक मृत्यूची शास्त्रीय तपासणी हा सर्वांना सारखा लागू असलेला नियम असावा. नियम झाला म्हणजे तपासणींत कोणाचा अपमान उरत नाहीं, आणि घरच्यांनाही एकमेकांकडे चोरट्या नजरेनें पाहावें लागत नाहीं. तपासणींतूनही कारण कळलें नाहीं, तर तें कळलें नाहीं असें म्हणण्याचें धैर्य न्यायाधीशाच्या अंगीं असावें.