आखलेली रेघ



भुसावळच्या माणसाला ‘मोठे काम’ म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल रेल्वेच्या पगारावर पेटली आहे. कुणी लोको शेडमध्ये, तर कुणी दीपनगरच्या औष्णिक केंद्रात पाळीवर असतो. शेकडो हातांनी करावयाचे काम नेमके कुठे अडते, हे तुम्ही माझ्याहून अधिक जाणता. मला एवढेच विचारावयाचे आहे की, या कामाकडे आपण दीनच्या दृष्टीने कधी पाहतो काय? नमाज आणि रोजा यांना आपण दीन मानतो. काम काय आहे ते नीट ठरविणे, ठरलेले पाळणे आणि सोबत्याचा हक्क देणे, यांना मात्र आपण दुनियादारीच्या खात्यात टाकून मोकळे होतो.

हिजरी ५, म्हणजे इ.स. ६२७. मदीनेवर शत्रूच्या संयुक्त फौजा चालून येत होत्या. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सहचरांशी सल्लामसलत केली आणि हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी खंदकाचा उपाय सुचविला. अरबांना ही इराणी युक्ती नवीन होती, सुचविणाराही परमुलखातला. तरीही ती स्वीकारली गेली. सीरतच्या ग्रंथांत येते की, प्रेषितांनी (स.) खंदकाची रेघ स्वतः आखून दिली आणि दहा-दहा जणांच्या गटाला चाळीस-चाळीस हातांचा वाटा नेमून दिला. ते स्वतःही माती वाहत होते.

यापुढचा प्रसंग आपण सहसा चमत्कारासाठी सांगतो. हजरत सलमान (रजि.) यांच्या गटाला एक खडक लागला. हत्यारे मोडली, खडक हलेना. थोडे वळून पुढे जाणे सोपे होते आणि फरकही फारसा पडला नसता. पण सोबती म्हणाले की, विचारल्याशिवाय ही रेघ ओलांडणे बरे नाही. हजरत सलमान (रजि.) विचारावयास गेले. प्रेषित (स.) खंदकात उतरले आणि स्वतः घाव घातले. मला या प्रसंगात खडक फुटण्याइतकेच त्याआधीचे ते विचारणेही मोलाचे वाटते. प्रत्येक गटाने आपापल्या सोयीने रेघ वळविली असती, तर शेजारच्या गटाचा चर येऊन कुठे मिळाला असता? आणि विचारावयास आलेल्या माणसाला वरून हुकूम पाठविला गेला नाही. प्रमुख स्वतः अडचणीच्या जागी आला. सामूहिक कामातून परवानगीवाचून निघून न जाण्याविषयी सूरह नूरमध्ये जी शिकवण आहे, तिचा संबंध अनेक भाष्यकार याच खंदकाशी जोडतात.

विचारणे आणि छळणे यांत मात्र अंतर आहे. सूरह बकरामध्ये बनी इस्राईलला एक गाय जिबह करण्याचा आदेश झाला, तेव्हा ते विचारीत बसले: वय काय, रंग कोणता, कशी असावी? प्रत्येक प्रश्नागणिक काम अधिक अवघड होत गेले. त्यांचे प्रश्न काम टाळण्यासाठी होते. खंदकातला प्रश्न काम नीट व्हावे यासाठी होता.

आता आपल्या रुळांकडे या. मुंबईहून निघालेल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेपुढे सह्याद्रीचे दोन घाट उभे होते. एक थळ घाट, ज्यातून आपली भुसावळची वाट आली. आणि दुसरा पुण्याच्या वाटेवरचा बोर घाट. बोर घाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले. मुख्य अभियंता जेम्स बर्कली याने त्याआधी अनेक वर्षे मोजणीत घालविली होती. कागदावरची रेघ चोख होती. पण कंत्राटदाराने काम पोटकंत्राटदारांत वाटले, मजुरी थकली, आणि जानेवारी १८५९ मध्ये मजुरांनी दंगा केला. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल याने त्याच वर्षी काम सोडले. पुढे सॉलोमन ट्रेडवेल आला. तो काही दिवसांतच मरण पावला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट आपल्याकडे ठेवून, जाणत्या अभियंत्यांच्या हाती व्यवस्था देऊन, ते तडीस नेले. १८६१ मध्ये घाटावर ४२ हजारांपर्यंत माणसे राबत होती. पटकीने किती गेली, त्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. १८६३ मध्ये २५ बोगद्यांचा तो घाट खुला झाला.

आणि चारच वर्षांनी, जुलै १८६७ मध्ये, घाटातील मऊकीमळीचा दगडी पूल कोसळला. या रेल्वेच्या अनेक पुलांच्या बांधकामात तेव्हा दोष आढळले: दर्शनी चिरे घडीव आणि आत निकृष्ट भरणा. नकाशात काय हवे ते लिहिलेले होते. पण भिंतीच्या पोटात काय जाते, हे पाहणारा डोळा आणि ‘हे बरोबर नाही’ म्हणण्याची मुभा असलेला गवंडी तिथे नव्हता, असे मी समजतो. ज्याची मजुरीच अडविली जाते, तो खडक लागला म्हणून विचारावयास कशाला येईल? मजुराचा घाम वाळण्यापूर्वी मजुरी देण्याची प्रेषितांची (स.) ताकीद आपण दयेच्या सदरात वाचतो. ती बांधकामाच्या मजबुतीचीही अट आहे.

आपल्या वस्त्यांतील मस्जिदी आणि मदरसे लोकांच्या चंद्यातून उभे राहतात. तो पैसा अमानत आहे. पण ट्रस्टची बैठक होते, एक मजला ठरतो. पाया भरल्यावर कुणी दुसरा मजला सुचवितो, कुणी मिनार. स्लॅब पडल्यावर आठवते की वुजूखान्याचे पाणी कुठे जाईल, हे ठरलेच नव्हते. स्त्रियांच्या जागेविषयी तर स्त्रियांना कुणी विचारलेलेच नसते. यालाच आपण ‘शूरा’ म्हणतो! शूरा रेघ आखण्यापूर्वी असते. नंतर बदल हवाच असेल, तर त्याचा खर्च कुणावर व मुदत किती, हे सांगून पुन्हा बैठक घ्यावी. कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे विसरून आपण ‘भरवशाचा माणूस आहे’ म्हणत लाखोंचे काम तोंडी देतो.

म्हणून पुढचे बांधकाम काढाल तेव्हा चंद्याची पावती छापण्यापूर्वी एक कागद करा. काय बांधावयाचे, काय बांधावयाचे नाही, कोणता भाग कुणाकडे, मजुरी कोणत्या वारी, आणि अडचण आली तर कुणाला विचारावयाचे. तो कचेरीच्या कपाटात ठेवू नका. जिथे सिमेंटची पोती रचली जातात तिथे लावा आणि मिस्त्री बऱ्हाणपूरकडचा असेल तर हिंदीतही लिहा.