म्हातारा कोण?

आमचा २०१२ सालचा काँप्युटर सुरू होईपर्यंत माझी अंघोळ आणि देवपूजा उरकते. "फेकून द्या, बाबा!" हा चिरंजीवांचा निकाल. दुरुस्तीवाल्याने मात्र उघडून पाहिलं. "साहेब, प्रोसेसर ठणठणीत आहे. मिनिटाला ७,२०० गिरक्या घेणारी तबकडी काढा, एसएसडी टाका. तिच्यात फिरणारं काहीच नसतं. आणि न बोलावता उठून बसणारे हे प्रोग्राम बंद करा."

म्हणजे बेरजा तो अजून पूर्वीच्याच वेगाने करतोय. ओझं आपण वाढवलं, आणि मंद ठरला तो! मला एकदम आमचे जुने हेडकॅशियर आठवले. तीन खिडक्यांचं काम त्यांच्या एका खिडकीवर आलं, तेव्हा त्यांना 'स्लो' म्हणणाऱ्यांत अस्मादिकही होते.

एसएसडी बसली. आता तो मिनिटात सुरू होतो. हेडकॅशियरांना फोन करायचा मात्र अजून राहिलाच आहे.